१०५ जणांची यादी आणि तिच्यामागचा हिशेब

दरवर्षी ऑगस्ट महिना उजाडला की अमेरिकेतील वृत्तपत्रांची क्रीडापाने एका ठरावीक मजकुराने भरून जातात. विद्यापीठांच्या फुटबॉल संघांचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो आणि त्याआधी प्रत्येक संघाची नामावली बारकाईने तपासली जाते. कोण गेले, कोण राहिले, नवे कोण आले, कोणत्या जागेवर दोन खेळाडूंत चुरस आहे, कोणाचा गुडघा अजून बरा झालेला नाही, याची चर्चा पानेच्या पाने चालते. ओहायो स्टेट, इंडियाना, पर्ड्यू ही नावे मुंबई-पुण्याच्या घरांना मुलामुलींच्या उच्च शिक्षणामुळे परिचित आहेत. मात्र त्याच विद्यापीठांच्या मैदानांवर शनिवारी दुपारी हजारो लोक का जमतात, याचे कोडे तेथे शिकायला गेलेल्या मुलांनाही पहिल्या वर्षी उलगडत नाही.

हा खेळ आपल्याकडच्या फुटबॉलपेक्षा अगदी निराळा आहे. येथे चेंडू हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचे असते आणि चार प्रयत्नांत दहा यार्डांची मजल मारायची असते. मैदानावर एका वेळी अकरा जण असले तरी आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे. लाथेने चेंडू मारण्याच्या प्रसंगांसाठी आणखी एक तुकडी असते. धडकाधडकीचा खेळ असल्याने दुखापती अटळ. त्यामुळे संघाचे खरे बळ पहिल्या बावीस जणांइतकेच त्यांच्या मागे उभ्या असलेल्या फळीत असते. म्हणूनच येथे संघाची नामावली हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरतो. २०२५ च्या हंगामापासून लागू झालेल्या नव्या व्यवस्थेत या यादीची कमाल मर्यादा १०५ आहे. ही १०५ नावे आता केवळ खेळाची यादी उरलेली नाहीत. ती एका मोठ्या अर्थव्यवहाराची खातेवही झाली आहे. ती कशी वाचावी आणि ती वाचताना तज्ज्ञही कसे चकतात, हे २०२५ च्या हंगामाने चांगलेच दाखवून दिले.

विजेत्यांचे रिकामे घर

ओहायो स्टेटचे उदाहरण घेऊ. २० जानेवारी २०२५ रोजी अटलांटा येथे या संघाने नोत्र दामला ३४-२३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. बारा संघांची बाद फेरी प्रथमच खेळवली गेली होती आणि नियमित हंगामात ओरेगन व मिशिगन यांच्याकडून पराभूत झालेला हा संघ आठव्या मानांकनावरून अजिंक्य ठरला होता. परंतु विजेतेपदाची किंमत लगेचच मोजावी लागली. त्या वर्षीच्या एनएफएल निवडीत ओहायो स्टेटचे तब्बल १४ खेळाडू व्यावसायिक संघांनी उचलले. त्यांतील चौघे तर पहिल्याच फेरीत. आक्रमणाचा सूत्रधार, म्हणजे क्वार्टरबॅक, विल हॉवर्ड गेला. धावण्याची जबाबदारी वाटून घेणारे ट्रेव्हियन हेंडरसन आणि क्विनशॉन जडकिन्स दोघेही गेले. बचावाच्या पुढच्या फळीतील चारही प्रमुख खेळाडू एकाच वेळी गेले. कमी होते म्हणून की काय, बचावाचे प्रशिक्षक जिम नोल्स प्रतिस्पर्धी पेन स्टेटकडे आणि आक्रमणाचे प्रशिक्षक चिप केली एनएफएलमध्ये गेले.

ऑगस्ट २०२५ मध्ये ही यादी हाती घेणाऱ्यापुढे तीन रकाने होते. पहिला रकाना गेलेल्यांचा. तो वर आलाच. दुसरा उरलेल्यांचा. त्यात दोन नावे अशी होती की ती कोणत्याही संघाने डोक्यावर घेतली असती. जेरेमाया स्मिथने पहिल्याच वर्षी १,३१५ यार्डांचे झेल घेतले होते. बचावातील केलेब डाऊन्स तर देशातील सर्वोत्तम मानला जात होता. तिसरा रकाना नव्याने आलेल्यांचा. पर्ड्यूहून मॅक्स क्लेअर, वेस्ट व्हर्जिनियाहून सी. जे. डोनाल्डसन, मिनेसोटाहून फिलिप डॅनियल्स, राईसहून इथन ओनियान्वा, अशी ही आयात होती. आपल्या रणजी संघांत बाहेरच्या राज्यातून दोन-तीन ‘पाहुणे’ खेळाडू घेतले जातात, तसाच हा प्रकार. फक्त येथे त्यांची संख्या दोन-तीनवर थांबत नाही.

प्रश्नही तीनच होते. क्वार्टरबॅकची जागा ज्युलियन सेयिन घेणार की लिंकन कीनहोल्झ? बचावाची संपूर्ण नवी फळी उभी राहणार का? आणि व्यावसायिक संघांकडून आलेले मॅट पॅट्रिशिया हे विद्यापीठातील वीस-एकवीस वर्षांच्या मुलांना आपली पद्धत सहा महिन्यांत शिकवू शकतील का?

उत्तरे बोलकी निघाली. ३० ऑगस्ट २०२५ रोजी कोलंबसच्या मैदानावर ओहायो स्टेटने हंगामपूर्व मानांकनात अव्वल असलेल्या टेक्सासला १४-७ असे रोखले. सेयिनने जागा मिळवली आणि हंगामाअखेर तो हाइजमन पारितोषिकाच्या अंतिम चौघांत पोहोचला. बचावाने देशात सर्वांत कमी गुण दिले. यातील विशेष गोष्ट अशी, की बचावाच्या फळीत उभे राहिलेले केडन करी आणि केन्याटा जॅक्सन हे बाहेरून आणलेले नव्हते. २०२२ मध्ये दाखल होऊन तीन वर्षे त्यांनी इतरांच्या मागे उभे राहून वाट पाहिली होती. याउलट, आक्रमणाच्या फळीतील डाव्या टोकाच्या महत्त्वाच्या जागेसाठी राईसहून आणलेल्या ओनियान्वाचे नाव सर्वांच्या तोंडी होते. प्रत्यक्षात ती जागा संघात आधीपासून असलेल्या ऑस्टिन सिएरव्हेल्डने घेतली. धावण्याच्या जागेवर चर्चा अनुभवी खेळाडूंची होती, पण पुढे आला तो पहिल्या वर्षाचा बो जॅक्सन.

अर्थात शेवट गोड झाला नाही. नियमित हंगामातील सर्व बारा सामने जिंकून, मिशिगनकडून चार वर्षे सलग होणाऱ्या पराभवाची मालिकाही मोडून हा संघ ६ डिसेंबर रोजी बिग टेन विजेतेपदाच्या सामन्यात इंडियानाकडून १३-१० असा हरला. वर्षाच्या अखेरच्या दिवशी मायामीने त्याला बाद फेरीतून घरी पाठवले. तथापि १४ खेळाडू गमावलेला संघ तीन महिने देशात पहिल्या क्रमांकावर राहतो, ही बाब यादीच्या खोलीविषयी बरेच काही सांगून जाते.

अनुभवाचा भरवसा आणि त्याचे अपयश

याच्या अगदी उलट चित्र पेन स्टेटचे होते. २०२४ च्या हंगामात उपांत्य फेरी गाठणाऱ्या या संघाचे प्रमुख खेळाडू परत आले होते. क्वार्टरबॅक ड्रू ॲलर, धावपटू निकोलस सिंगलटन आणि केट्रॉन ॲलन या तिघांनीही एनएफएलचा मोह बाजूला ठेवून आणखी एक वर्ष विद्यापीठात राहण्याचे ठरवले. त्यात बचावासाठी विजेत्या संघाचे प्रशिक्षक नोल्स आणले गेले. कागदावर या यादीत खोट काढणे अवघड होते. हंगामपूर्व मानांकनात त्यांना दुसरा क्रमांक मिळाला तेव्हा कोणालाही नवल वाटले नाही.

पुढे जे झाले ते कोणत्याही यादीत लिहिलेले नव्हते. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओरेगनकडून जादा वेळेत पराभव. आठवड्याभराने, तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएकडून ४२-३७ असा पराभव. त्यानंतर घरच्या मैदानावर नॉर्थवेस्टर्नकडून एका गुणाने पराभव आणि त्याच सामन्यात ॲलर जायबंदी. दुसऱ्याच दिवशी, १२ ऑक्टोबर रोजी, बारावे वर्ष चालू असलेले प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना नारळ देण्यात आला. महिन्याभरापूर्वी ज्यांच्याकडे विजेतेपदाचे दावेदार म्हणून पाहिले जात होते, त्यांच्यापुढे नवा प्रशिक्षक शोधण्याची वेळ आली. टेक्सासला बाद फेरीत प्रवेशही मिळाला नाही. हंगामपूर्व चौथ्या क्रमांकावरील क्लेमसनने नियमित हंगामात पाच सामने गमावले.

परत येणाऱ्या खेळाडूंची संख्या मोजणे हा यादी वाचण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि म्हणूनच तो सर्वांत लोकप्रिय आहे. मात्र परतणारा खेळाडू सुधारून परततो की आहे तेथेच राहतो, हे ती संख्या सांगत नाही. अनुभव हे भांडवल खरे. परंतु एका पराभवानंतर संघ खांदे पाडतो की सावरतो, यासाठी यादीत रकाना नसतो.

विसाव्या क्रमांकावरचा विजेता

२०२५ च्या हंगामाचा खरा धडा मात्र ब्लूमिंग्टनने दिला. इंडियाना विद्यापीठाच्या नावावर शतकाहून अधिक काळात सातशेहून जास्त पराभव जमा होते. २०२३ मध्ये बारापैकी नऊ सामने हरल्यावर तेथे कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक म्हणून आले. त्यांनी येताना जेम्स मॅडिसन या लहान विद्यापीठातील आपले डझनभराहून अधिक खेळाडू बरोबर आणले. शालेय वयात मोठ्या विद्यापीठांनी ज्यांच्याकडे ढुंकून पाहिले नव्हते, अशीच त्यांतील बहुतेक मुले होती. पहिल्याच वर्षी, २०२४ मध्ये, संघाने अकरा सामने जिंकले. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये मानांकन करणाऱ्यांनी त्यांना विसाव्या क्रमांकावर ठेवले. एका वर्षाचे यश हा योगायोग मानला गेला.

त्या हंगामासाठी त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातून फर्नांडो मेंडोझा हा क्वार्टरबॅक आणला. शाळेत असताना मोठ्या संघांकडून फारशी विचारणा न झाल्याने या मुलाने एकदा येल विद्यापीठाकडे जायचे ठरवले होते. २०२५ चे हाइजमन पारितोषिक त्यानेच मिळवले. इंडियानाने सोळापैकी सोळा सामने जिंकले आणि १९ जानेवारी २०२६ रोजी मायामीला २७-२१ असे हरवून इतिहासातील पहिले राष्ट्रीय विजेतेपद घेतले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंडियानाचे यश म्हणजे ‘विकत घेतलेला संघ’ असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. बाहेरून खेळाडू सर्वच घेतात आणि अनेक जण याहून अधिक खर्च करून पराभूत होतात. सिग्नेटी यांनी नामवंतांपेक्षा वयाने मोठे, अनेक सामने प्रत्यक्ष खेळलेले आणि आपली पद्धत आधीच ठाऊक असलेले खेळाडू निवडले. ओहायो स्टेटकडे प्रतिभा होती, पेन स्टेटकडे अनुभव होता; इंडियानाकडे एकमेकांना पूरक ठरणारी माणसे होती. आयपीएलचा लिलाव पाहणाऱ्या वाचकांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

यादी वाचण्याची रीत

या तीन संघांवरून हंगामपूर्व यादी वाचताना काय पाहावे, याचा अंदाज येतो. पहिली गोष्ट म्हणजे जाडेभरडे, कोणाच्या नजरेत न भरणारे पुढच्या फळीतील खेळाडू. झेल घेणाऱ्याचे नाव मथळ्यात येते, पण फेकणाऱ्याला तीन सेकंद मिळवून देणारी फळी कोलमडली तर झेल घ्यायला चेंडूच येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओहायो स्टेटचा डावीकडील लाइनमन जॉश सिमन्स जायबंदी झाला, तेव्हा शेजारच्या डॉनोव्हन जॅक्सनला त्या जागी सरकवण्यात आले. ती तडजोड साधली म्हणून पुढचे विजेतेपद शक्य झाले. दुसरी गोष्ट, दुसऱ्या फळीचे वय. तीन वर्षे सरावात घासून निघालेला राखीव खेळाडू हा अनेकदा गाजावाजा करून आणलेल्या पाहुण्यापेक्षा खात्रीचा ठरतो. तिसरी गोष्ट, प्रशिक्षकांमधील बदल. खेळाडू तेच असले तरी शिकवणारा बदलला की यादीचा अर्थच बदलतो.

चौथी गोष्ट मात्र नवी आहे आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. यादीतील खेळाडू पुढच्या वर्षी येथेच असेल काय?

शुल्कमाफीपासून पगारापर्यंत

काही वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारण्याची गरज नव्हती. विद्यापीठ बदलणाऱ्या फुटबॉलपटूला साधारणपणे एक वर्ष खेळाविना काढावे लागे. ऑक्टोबर २०१८ मध्ये बदलीची इच्छा नोंदवण्यासाठी ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू झाले. २०२१ मध्ये एका बदलीला ती शिक्षा माफ झाली आणि न्यायालयीन आदेशानंतर २०२४ मध्ये वारंवार बदली करण्याची वाटही मोकळी झाली. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव व छबी वापरून जाहिरातीचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. त्याआधी अवघ्या दहा दिवसांपूर्वी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲल्स्टन खटल्यात एनसीएएच्या विरोधात एकमताने निकाल दिला होता. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ‘हाऊस’ तडजोडीला मान्यता दिली आणि विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे देण्याची सोय झाली. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाला सर्व खेळांसाठी मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा होती. जुन्या खेळाडूंना भरपाई म्हणून २८० कोटी डॉलर देण्याचेही ठरले.

या आकड्यांचे वजन कळण्यासाठी एक तुलना पुरेशी आहे. २०२४ च्या विजेत्या फुटबॉल संघावर सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाल्याचे ओहायो स्टेटच्या क्रीडा संचालकांनीच सांगितले होते. म्हणजे एका संघावर जेवढे खर्च झाले, जवळजवळ तेवढ्यातच आता विद्यापीठाला आपल्या तिजोरीतून सर्व खेळांची वाटणी करायची होती. साहजिकच मोठा वाटा फुटबॉलकडे गेला. स्त्री-पुरुष समानतेचा १९७२ चा ‘टायटल नाइन’ कायदा या वाटपाला लागू होतो काय, यावरून महिला खेळाडूंनी न्यायालयात दाद मागितली आहे.

आता पुन्हा यादीकडे वळू. शालेय शिक्षण संपल्यावर तीन वर्षे होईपर्यंत खेळाडूला एनएफएलमध्ये जाता येत नाही. २०२४ मध्ये दाखल झालेल्या स्मिथ आणि सेयिन यांना म्हणूनच २०२६ च्या निवडीत व्यावसायिक दारे बंद होती. परंतु इतर विद्यापीठांची दारे सताड उघडी होती. जानेवारी २०२६ मध्ये २ ते १६ तारखेपर्यंत पोर्टल खुले राहिले. त्या पंधरवड्यात प्रत्येक प्रशिक्षकाला नवे खेळाडू मिळवण्याइतकेच आपले खेळाडू राखण्यासाठीही झगडावे लागले. आयपीएलमध्ये निदान बोली सर्वांसमोर लागते, करार किती वर्षांचा हे ठाऊक असते. येथे कोणाला किती मिळाले हे बहुधा गुलदस्त्यातच राहते, आणि ऑगस्टची यादी म्हणजे त्या न दिसलेल्या लिलावाचा निकाल असतो.

एकशे सहावा मुलगा

या बदलांचे स्वागतच केले पाहिजे. कोट्यवधी डॉलरचा खेळ ज्यांच्या शरीरावर उभा आहे, त्यांना केवळ शुल्कमाफीवर समाधान मानायला लावणे हा अन्याय होता. प्रशिक्षकाला मुदतीआधी काढताना विद्यापीठे कोट्यवधींची भरपाई कबूल करतात. खेळाडूला मात्र हौशीपणाचे धडे दिले जात. ते ढोंग संपले हे बरे झाले.

तथापि नव्या व्यवस्थेचा हिशेब कोणीतरी चुकता करतो आहे आणि तो यादीत दिसत नाही, कारण त्याचे नावच यादीतून गेले आहे. पूर्वी फुटबॉलमध्ये ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, पण संघात शंभर-सव्वाशे मुले असत. उरलेली मुले ‘वॉक-ऑन’. शिष्यवृत्ती नाही, मैदानावर उतरण्याची शाश्वती नाही. तरीही रोज सरावाला येऊन मुख्य खेळाडूंच्या धडका झेलायच्या. शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाऊन संघालाच १०५ ची मर्यादा आली, तेव्हा अनेक संघांतून याच मुलांना निरोप देण्यात आला. न्यायमूर्ती विल्केन यांनी हरकत घेतल्यावर अशा मुलांना मर्यादेबाहेर ठेवून परत घेण्याची तरतूद झाली. मात्र परत घ्यायचे की नाही, हे विद्यापीठांच्या मर्जीवर सोडले गेले.

यात भावुकतेचा भाग कमी आणि खेळाच्या नुकसानीचा अधिक आहे. बेकर मेफिल्ड ‘वॉक-ऑन’ म्हणून आला आणि २०१७ चे हाइजमन घेऊन गेला. जॉर्जियाला २०२१ आणि २०२२ च्या हंगामांत विजेतेपद मिळवून देणारा स्टेट्सन बेनेट असाच दाखल झाला होता. निवड समित्यांच्या नजरेतून निसटलेल्या मुलाला उशिरा का होईना सिद्ध होण्याची जी फट होती, ती आता अरुंद झाली आहे. ज्या मेंडोझाच्या गुणांची पारख मोठ्या संघांना शाळेत झाली नाही, त्याच्यासारखे आणखी किती जण १०५ च्या रेषेबाहेर राहतील?

मूळ प्रश्न अजून अनुत्तरितच आहे. हे खेळाडू विद्यार्थी की कर्मचारी? २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलपटूंनी संघटना स्थापण्याचा प्रयत्न केला. पुढच्या वर्षी राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने त्यात हस्तक्षेप करण्याचे नाकारले. एनएफएलमध्ये खेळाडूंची संघटना मालकांशी करार करते आणि त्यातून वेतनमर्यादा, संघसंख्या, बदलीचे नियम ठरतात. विद्यापीठांनी यांतील मर्यादा घेतल्या. मात्र ज्याच्याशी वाटाघाट करून त्या ठरवायच्या, तो खेळाडूंचा प्रतिनिधी टेबलावर बसवला नाही. वेतन आले, पण वेतनदाराचे हक्क आले नाहीत.

म्हणून ऑगस्टमधील यादी वाचताना क्वार्टरबॅक कोण, एवढ्यावर थांबू नये. एका विद्यापीठात दाखल झालेला मुलगा तीन वर्षांत तीन विद्यापीठे बदलतो, तेव्हा त्याच्या पदवीचे काय होते? पुढच्या फळीत गुडघे झिजवणाऱ्या मुलाला पाच वर्षांनी काय उरते? विद्यापीठे खेळाडूंना आता पैसे देऊ लागली आहेत, ही न्यायाची पहिली पायरी झाली. त्या पैशाबरोबर शिक्षणाची जबाबदारीही देऊन टाकल्याचे समाधान ती मानणार असतील, तर १०५ नावांच्या या याद्यांवर विद्यापीठाचे बोधचिन्ह कशासाठी छापायचे, याचे उत्तर त्यांनाच द्यावे लागेल.